वाचकांचे प्रश्न : जोकरने गोळी झाडली तर बिघडले कुठे?

प्रश्न : मी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचत मोठा झालो, माझा मुलगा बॅटमॅनचे चित्रपट पाहत. नुकताच आम्ही दोघांनी १९८९ सालचा, टिम बर्टन दिग्दर्शित ‘बॅटमॅन’ पुन्हा पाहिला. त्यात ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्याआडच्या बॅटमॅनच्या, आईवडिलांचा खून जोकर हा खलनायक करतो, कॉमिक्समध्ये तसे नाही. लोकांच्या मनात पक्क्या बसलेल्या पात्राशी असा खेळ करण्याचा अधिकार पटकथाकाराला नाही, असे माझे म्हणणे आहे. चित्रपट म्हणजे कॉमिक्सची झेरॉक्स नव्हे, असे मुलगा म्हणतो. अशा बदलांची मर्यादा कोठे आखावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण ज्या वेताळाला मूळ मानता, तोच बदललेला होता, येथून सुरुवात करू. ली फॉक यांचा फँटम १९३६ साली अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजालने तो आपल्याकडे आणताना त्याच्या देशाचे नाव डेंकाली केले आणि त्याच्या पिढीजात वैरी चाच्यांच्या टोळीचे ‘सिंग’ हे नाव ‘सिंगा’ असे फिरवले (भारतात ते मूळ नाव छापणे अवघडच होते). मराठीत तर फँटमचा थेट वेताळ झाला. तरी आपल्याला तो उपरा वाटला नाही, कारण कवटीची अंगठी, कवटीची गुहा आणि बापाचा वसा मुलाने चालवण्याची शपथ हे सारे जागच्या जागी होते.

पडद्याने केलेले बदल कॉमिक्सने आपणहून उचलल्याचीही उदाहरणे आहेत. बॅटमॅनचा बटलर आल्फ्रेड कॉमिक्समध्ये आला तेव्हा गोल गरगरीत होता आणि त्याला मिशी नव्हती. १९४३ सालच्या पंधरा भागांच्या चित्रपटमालिकेत मात्र विल्यम ऑस्टिन हा सडपातळ, बारीक मिशीचा नट ती भूमिका करीत होता. कॉमिक्सच्या लेखकांनी लगोलग आपल्या आल्फ्रेडला एका आरोग्यधामात पाठवले, आणि तो वजन उतरवून, मिशी राखून परत आला. आज आपण ज्याला ‘खरा’ आल्फ्रेड म्हणतो, तो हा. मिस्टर फ्रीझचे उदाहरण याहून मोलाचे आहे. १९५९ साली ‘मिस्टर झीरो’ या नावाने आलेला हा खलनायक बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या करणारा एक किरकोळ इसम होता. १९९२ सालच्या अॅनिमेशन मालिकेने त्याला नोरा ही दुर्धर आजाराने ग्रासलेली, बर्फात जतन करून ठेवलेली पत्नी दिली आणि त्याच्या थंडपणाला प्रथमच काही कारण मिळाले. हा बदल झाला नसता तर आज त्याची आठवण फारशी कोणी काढली नसती.

तेव्हा बदल झाला म्हणजे विटाळ झाला, हे मला मान्य नाही. आपला आक्षेप मात्र मला पटतो, फक्त कारण वेगळे आहे.

कॉमिक्समध्ये, १९३९ साली बॅटमॅनची जन्मकथा प्रथम सांगितली गेली तेव्हा, वेन दांपत्याला गोळ्या घालणारा एक निनावी वाटमाऱ्या होता; जो चिल हे नाव त्याला १९४८ साली मिळाले. नाव मिळाले तरी तो क्षुद्रच राहिला, आणि त्याच्या क्षुद्रपणातच कथेचे बळ आहे. गळ्यातल्या हारासाठी दोन जीव जातात आणि मारणाऱ्याला त्या मुलाशी काही देणेघेणे नसते. म्हणूनच त्या मुलाचे वैर एका माणसाशी न राहता गुन्हेगारीशी जडते, आणि ते कधी फिटत नाही. चित्रपटाने खुनी म्हणून जोकरला उभे केले, पुढे त्याला रसायनाच्या हौदात पाडून जोकर बनवण्याचे निमित्त बॅटमॅनला केले, आणि हिशेब दोन्ही बाजूंनी चोख जुळवला. नाट्य म्हणून हे आकर्षक आहे, हे मी नाकारत नाही. पण शेवटी जोकर मनोऱ्यावरून कोसळून मरतो तेव्हा सूड पुरा होतो, आणि त्यानंतरही या माणसाने रोज रात्री मुखवटा का चढवावा, याचे उत्तर कथेपाशी उरत नाही.

येथे आपले चिरंजीव एक अडचणीचा मुद्दा काढू शकतील. बॅटमॅन जीव घेत नाही, हा नियम तरी मूळचा कोठे आहे? सुरुवातीच्या अंकांत तो पिस्तूल बाळगत असे आणि माणसेही मारत असे. संपादकांनी ते थांबवल्यावर नियम रूढ झाला. मुद्दा खरा आहे, आणि त्यामुळेच ‘पहिल्या अंकाला चिकटून राहा’ हा निकष मी सुचवत नाही. पात्राची ओळख अनेक वर्षांत, अनेक हातांनी घडते. पटकथाकाराने पाहायचे ते इतकेच की, तो जे काढून टाकतो आहे त्यावर पात्राचे पुढचे वागणे उभे आहे की नाही. २००२ सालच्या चित्रपटात स्पायडरमॅनचे जाळे त्याच्या मनगटातूनच निघू लागले. त्यामुळे घरी बसून यंत्र बनवणारा हुशार, कडका मुलगा आणि ऐन वेळी संपणारे त्याचे द्रावण, ही गंमत गेली. पण काकाच्या मृत्यूला आपण कारण झालो ही बोच शिल्लक होती, म्हणून चित्रपट तरला. वर्णाचा किंवा चेहऱ्याचा बदल तर मी याहूनही हलका मानतो.

वाद मिटवायचाच असेल तर आता दोघांनी मिळून २००५ सालचा ‘बॅटमॅन बिगिन्स’ पाहावा. तेथे जो चिल परत आला आहे, आणि बदलही लहान नाही : तरुण ब्रूस त्याला मारण्यासाठी पिस्तूल लपवून न्यायालयात येतो, पण त्याच्या आधीच दुसरेच कोणी चिलवर गोळी झाडते. सूड हातातून निसटल्यावर ब्रूस ते पिस्तूल पाण्यात फेकून देतो. हे दृश्य पाहताना तुमच्यापैकी आधी कोण कुरकुरते, ते मला अवश्य कळवावे.