मशीनवरचे चार तास अन् मसाईचं आकाश

बाळा,

तुझा मेसेज वाचला. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरचे सगळे फोटो डिलीट केलेस म्हणे, बघवत नाहीत. ठीकाय, मोबाईलच्या फोटोत तशाही चांदण्या कुठं नीट येतात. पण आठवणं सोडू नकोस, फक्त आठवायची रीत बदल. ‘काय दिवस होते राव’ करत बसलं की जीव नुसता कासावीस होतो, मीपण तुझ्यासारखा डायलिसिसवरच आहे, माहितीय मला. त्यापेक्षा बारीकसारीक आठव. पठारावर कुणीकडं डोकं करून पडलेलो, वारा कुठनं झोंबत होता, कोल्हापूरच्या लाइटींनी कुठल्या बाजूच्या बारक्या चांदण्या खाल्लेल्या. तू ध्रुव शोधायला पार डोक्यावर बघत होतास अन् आपल्याकडनं तो क्षितिजापासून जेमतेम १७ अंशांवर, हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश, म्हणजे दोन मुठींच्या आतच की! असलं काही आठवलं की डोकं कामाला लागतं.

आता हिशोब बघ. आकाश तासाला १५ अंश सरकतं, तुझं एक डायलिसिस चार तासांचं, म्हणजे ६० अंश. डिसेंबरच्या मध्यात संध्याकाळी सातला सुया लागल्या तर मृग नुकता पूर्वेला वर आलेला असतो, त्यातल्या तीन चांदण्यांना आपल्याकडची जुनी माणसं तिकांडं म्हणायची, त्यावरनं रात्र किती झाली ते सांगायची. अकराला मशीन सुटेपर्यंत मृग चांगला वर, मागनं व्याध, आग्नेयेला खाली अगस्ती. वॉर्डात छत अन् ट्यूबलाइट, दिसणार काहीच नाही, पण डोळे मिटून अंदाजानं एकेक तारा जागेवर लावत जा. पायात गोळे आले, बीपी पडल्यासारखं वाटलं तर मात्र तारे सोड अन् आधी सिस्टरला हाक मार, उगाच सहन करत बसायचं नाही. आणि आकाशापुढं माणूस किती छोटा असलं तत्त्वज्ञान कुणी ऐकवायला लागलं तर खुशाल ऐकू नकोस, दुखतंय ते छोटं नसतं.

परत मसाईला जाता येईल का विचारलंस. चढून जायचं ते तुझे डॉक्टर ठरवतील, मी नाही, पण मसाईऐवजी घाटातल्या गगनबावड्याला गेलास तर तिथपर्यंत गाडी जाते की. पाऊस संपल्यावर, अमावस्येच्या आसपास, डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, त्यांना विचारूनच. फिस्टुलाच्या, म्हणजे सुया टोचायला शीर जोडून घेतलेल्या, हातावर सॅकचा पट्टा येऊ द्यायचा नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, पाणी घरनंच मोजून न्यायचं, बाकीचे घटाघटा पितील तिकडं बघायचं नाही. तिथं मोबाईल खिशात ठेव, अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास तरी लागतो.

पुढच्या महिन्यात डायलिसिसची शिफ्ट बदलणार म्हणालास, टाइम कळव, त्या चार तासांत काय उगवतं काय मावळतं ते लिहून धाडतो.

तुझा,
काका