वाचकांचे प्रश्न : उल्केवरून दिल्ली लागते का हो?

प्रश्न : सर, मी सांगलीला डिप्लोमाला आहे, हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स नुकतंच हातात आलंय. क्लबमधले एक काका म्हणतात की उल्का जळते तेव्हा तिच्या मागच्या रेषेवर सिग्नल आपटून पार दिल्लीपर्यंत जातो. माझ्याकडे ५ वॉटची हँडी (हातात धरायचा छोटा रेडिओ सेट) आहे. डिसेंबरात जेमिनिड उल्कावर्षावाच्या रात्री गच्चीवरून कॉल मारला तर कोणी उत्तर देईल का, का काका फेकतायत?

उत्तर : काका फेकत नाहीयेत रे, पण हँडीने होणार नाही, ते आधीच सांगून टाकतो म्हणजे थंडीत कुडकुडत बसायला नको. ती एफएमवर चालते, अँटेना वीतभर, आणि इथे लागतो एसएसबीवाला (कमजोर सिग्नलही पकडू देणारी पद्धत) रिग म्हणजे मोठा सेट, चार-पाच एलिमेंटचा म्हणजे दांड्यांचा यागी, एकाच दिशेला रोखायचा अँटेना, आणि शेजारी लॅपटॉप.

आता होतं काय ते बघ. वाळूच्या कणाएवढा खडा सेकंदाला ३५ किलोमीटरने (जेमिनिडचा वेग एवढा, ऑगस्टातल्या पर्सिड वर्षावाचा ५९) वातावरणात घुसतो आणि साधारण ८० ते ११० किलोमीटर उंचीवर जळतो, जळताना मागे आयनित (विद्युतभारित) हवेची लांबलचक रेषा सोडतो, आणि ती रेषा काही क्षण आपल्या व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या) रेडिओ लहरी परतवते. सांगली ते दिल्ली सरळ मोजलं तर १३०० किलोमीटरच्या आसपास, त्याचा मध्य येतो बरोबर इंदूरजवळ. म्हणजे तुला आणि दिल्लीवाल्याला दोघांनाही इंदूरच्या वरचं आकाश दिसायला हवं, आणि १०० किलोमीटर उंचीवरची गोष्ट तुला क्षितिजापासून जेमतेम ५-६ अंशांवर दिसते. म्हणून यागी आकाशाकडे वळवायचा नाही, आडवाच ठेवायचा, तोंड उत्तरेला, समोर बिल्डिंग नको. याच भूमितीमुळे २२०० किलोमीटरच्या पुढे काही जात नाही, मग तू कितीही पॉवर ओत.

रेषा टिकते किती? बहुतेक वेळा सेकंदाचा काही भाग, त्याला पिंग म्हणतात, स्पीकरमधून नुसतं ‘टिंग’ ऐकू येतं आणि संपलं. मोठी उल्का असली तर काही सेकंद, क्वचित मिनिटभर. बँडचाही फरक पडतो आणि तो चांगलाच पडतो, कारण टिकण्याचा काळ वेव्हलेंग्थच्या वर्गाच्या हिशोबात जातो, तीच उल्का ५० मेगाहर्ट्झवर १४४ पेक्षा आठपट जास्त वेळ चालते. तुझ्या ग्रेडला कुठला बँड आणि किती पॉवर चालते ते मात्र लायसन्सचा कागद बघूनच ठरव.

एवढ्या वेळात ‘हॅलो, आवाज येतोय का’ होणार नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. म्हणून एमएसके१४४ नावाचा मोड वापरतात, फुकट मिळणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्स सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि हे सॉफ्टवेअर सुरू केलं ते जो टेलर यांनी, ज्यांना १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, आहेत ते पण हॅमच. यात तुझा कॉलसाइनचा (लायसन्सवर मिळालेल्या स्टेशनच्या नावाचा) पूर्ण मेसेज ७२ मिलिसेकंदांत बसतो आणि तोच तोच मेसेज १५ सेकंद सलग जात राहतो, पुढचे १५ सेकंद समोरचा पाठवतो तू ऐकतोस. मधे कुठेतरी एक पिंग आला की एक ओळ स्क्रीनवर उमटते. मग सिग्नल कसा आला त्याचा रिपोर्ट, मग त्याची पोच, असं करत करत एक संपर्क पुरा व्हायला पाच मिनिटं लागतील नाहीतर तासही जाईल. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून मिळवून घे, दोन-तीन सेकंद चुकलं की तुमचे पंधरा-पंधरा सेकंद एकमेकांवर चढतात. आणि समोरचा आधी ठरवून ठेवायचा, वेळ फ्रिक्वेन्सी सगळं, आपल्याकडे हे करणारे इतके कमी आहेत की नुसता कॉल मारून कोणी सापडेल अशी आशा धरू नकोस.

जेमिनिडबद्दल एक गोष्ट लोक हमखास चुकवतात. रात्री दोनच्या सुमाराला आपल्याकडे त्याचा रेडिएंट (उल्का जिथून निघाल्यासारख्या दिसतात तो आकाशातला बिंदू) जवळजवळ डोक्यावर असतो, डोळ्यांनी बघायला ती वेळ मस्त, पण तेव्हा उल्का सरळ खाली येतात आणि तशा उभ्या रेषेवरून दूरच्या स्टेशनकडे परावर्तन नीट जुळत नाही. त्यापेक्षा १३-१४ डिसेंबरला रात्री दहा ते बारा बस, नाहीतर पहाटे चारनंतर.

खरं सांगू का, माझ्या मते तर वर्षावाची वाटच बघू नये. सुट्या उल्का रोज पडतात आणि सगळ्यात जास्त पहाटे सहाच्या आसपास, कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला असतो, पावसात स्कूटर चालवताना छाती भिजते पाठ कोरडी राहते तसं. संध्याकाळी सहाला सगळ्यात कमी. अमेरिकेत तर डोंगरातल्या बर्फाची मोजमापं पाठवणारी स्नोटेल नावाची सरकारी यंत्रणा कित्येक वर्षं असल्याच रोजच्या उल्कांवर चालली.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे, त्याला याचं वेड लागलंय पण लायसन्स नाही. आमच्या चिपळूणला ऑगस्टात आकाशच दिसत नाही, पर्सिडचा काही उपयोग आहे का?

उत्तर : आहे ना ताई, ढगांचा रेडिओला काही त्रास नाही, दिवसाच्या उजेडाचाही नाही. १२-१३ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर त्याला साधा एफएम रेडिओ द्या, अँटेना पूर्ण ओढलेली, आणि जिथे कुठलंच स्टेशन लागत नाही अशा फ्रिक्वेन्सीवर नुसती खरखर ऐकत बसायला सांगा. चिपळूणला अशा रिकाम्या जागा मुंबईपेक्षा खूप जास्त मिळतील. मधेच सेकंद-अर्ध्या सेकंदाला गाण्याचा तुकडा येतो, निवेदकाचे दोन शब्द येतात, भाषा दुसरीच, आणि लगेच परत खरखर. हजार-दीड हजार किलोमीटरवरचं स्टेशन असतं ते. वहीत वेळ लिहून ठेवायला सांगा. मात्र एखादं लांबचं स्टेशन पाच-दहा मिनिटं सलग लागलं तर ते उल्केचं काम नाही, तो स्पोरॅडिक-ई, म्हणजे वरच्या वातावरणात अधूनमधून तयार होणारा विद्युतभारित थर, मे ते ऑगस्ट तोही चालू असतो. तो प्रकार बहुतेक दिवसा नाहीतर संध्याकाळी होतो, त्यामुळे रात्री दोनला ऐकलेल्या तुकड्याची शंका कमी.