ट्रायल दुसऱ्याला मारू दे

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेला त्याला आज चार दिवस झाले. तू डोळ्यांच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच लिहिलंस, "सर, दिवसा तर मला सगळं दिसतं." तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय, कारण बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांसमोर बसून मीही अगदी हेच बोललो होतो. फोनवर धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. मी फोनशी बोलतोय, अक्षरं तो उमटवतोय, चुका सूनबाई रात्री दुरुस्त करून देईल.

सरळच सांगतो. गाडी सोड. नुसती रात्रीची नव्हे, पावसातली नव्हे, हायवेची नव्हे. सगळी सोड, आणि याच महिन्यात सोड.

तुझी तपासणी नुकतीच झाली आहे, तेव्हा तिथूनच सुरू करतो. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवायची, पांढऱ्या घमेल्यासारख्या मशीनमध्ये मधल्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. माझ्या पहिल्या तपासणीत मधेमधे बराच वेळ काहीच चमकायचं नाही. मला वाटलं मशीन अडकलं. तिथल्या मुलीला मी विचारलंही, "बंद पडलं का?" ती म्हणाली, "नाही काका, चालू आहे, तुम्ही मधे बघत राहा." मी खुशीत बाहेर आलो. दिसलेल्या प्रत्येक ठिपक्याला बटण दाबलं होतं ना! मग कागद हातात आला. मधे रुपयाएवढं पांढरं, भोवती सगळं काळं. मला मशीन बंद वाटत होतं तेव्हा ठिपके चमकतच होते.

हे मनात पक्कं धर. कडेला काळं कडं दिसत असतं तर कुणीही शहाण्या माणसाने त्याच दिवशी किल्ली खाली ठेवली असती. पण जिथून खबर येत नाही ती जागा मेंदू आजूबाजूच्या रंगाने भरून टाकतो आणि चित्र पुरं वाटतं. तू खोटं बोलत नाहीस. तुला जे दिसतं ते दिसतंच. जे दिसत नाही त्याची साक्ष मात्र तुला देता येणार नाही, ती त्या कागदाकडूनच घ्यावी लागेल.

आपल्या आजारात, रेटिनायटिस पिग्मेंटोसात, पडद्यातल्या दंडपेशी आधी मरतात. अंधुक उजेडातलं आणि कडेचं बघणं त्यांचं काम. म्हणून आधी रात्र जाते, मग कडा जातात. मधल्या शंकुपेशी पुष्कळ वर्षं तग धरतात. त्यामुळे तू आजही प्लगचा गॅप नुसत्या नजरेने सांगतोस आणि दवाखान्यातल्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचून दाखवतोस. घरच्यांनाही वाटतं, पोराला काही झालेलं नाही.

तुझ्या कागदावर साधारण 20 अंश उरलेत. धडधाकट माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवं जवळपास 180 अंश दिसतं. वर्गात फळ्यावर काढायचो तसा त्रिकोण काढून बघ. 20 अंशांत 10 मीटर पुढचा साडेतीन मीटरचा पट्टा दिसतो, 5 मीटरवर पावणेदोन मीटरचा. म्हणजे गावाकडचा एकेरी डांबरी रस्ता कसाबसा दिसला. साइडपट्टी नाही, बांध नाही, बांधावरून उतरणारं माणूस नाही. ताशी 40 ने गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. ते माणूस तुझ्या पट्ट्यात पाय टाकेल आणि तुझी बोटं ब्रेकवर जायच्या आत तू त्याच्यावर गेलेला असशील. मान फिरवत राहीन म्हणशील. मीही फिरवायचो. डावीकडे बघितलं की उजवी बाजू जायची.

मला इशारे आधीच मिळाले होते. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तुला माहीत आहे. मे महिन्यातली दुपारची दोनची वेळ, अंगाखाली माझी येझदी रोडकिंग. आत शिरलो आणि सगळं विझलं. भिंत नाही, पट्टा नाही, हँडलवरचे स्वतःचे हातसुद्धा नाहीत. पुढच्या ट्रकचा एक लाल दिवा तेवढा होता, तो धरून मी बाहेर पडलो. पुढची वळणं संपल्यावर गाडी कडेला घेतली आणि माझे गुडघे किती थरथरतायत ते स्टँड लावताना कळलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी मनाची समजूत घातली आणि किक मारली.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितल्यावर मी सौदे सुरू केले. आधी रात्र सोडली. समोरच्याचा अप्पर डोळ्यांवर आला की पुढचे काही क्षण मी अंदाजानेच चालवत होतो, त्यामुळे ते सोडणं अवघड गेलं नाही. मग पाऊस सोडला. मग हायवे सोडला, मग बाजारपेठ. प्रत्येक वेळी वाटायचं, मी किती समजूतदारपणे वागतोय. शेवटी उरला घर ते आयटीआय एवढा चार किलोमीटरचा कालव्याचा रस्ता. त्याचा खड्डा न् खड्डा पाठ होता. तेवढ्याने काय होतंय?

त्याच रस्त्यावर, लख्ख ऊन पडलेल्या सकाळी, गाडी तिसऱ्या गिअरात असताना डाव्या हँडलला काहीतरी लागलं. मी गाडी उभी करून मागे वळलो, तर एक बाई रस्त्यात बसलेल्या आणि वैरणीचा भारा कालव्याच्या उतारावर सुटून पडलेला. त्या शेतातून वर आल्या होत्या. मला त्या दिसल्याच नव्हत्या. उशिरा दिसल्या, पुसट दिसल्या असं म्हणायलाही जागा नाही. मनगट मोडलं होतं. आणि त्या मलाच म्हणाल्या, "माझंच ध्यान नव्हतं मास्तर, भाऱ्यामुळं कडंचं दिसलं नाही."

मी गप्प बसलो. हाड बसवून आणलं, प्लॅस्टरचे पैसे दिले, घरी सोडलं. गावात सगळे म्हणाले, मास्तर देवमाणूस. तीन दिवस मी ते ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि माझ्या डोळ्यांचं खरं काय ते सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढंच विचारलं, "मग तुम्ही गाडी का चालवत होता?"

या प्रश्नाला मला उत्तर देता आलं नव्हतं, आजही येत नाही. दीड महिना त्यांची मजुरी मी भरली. पुढं त्या हाताने त्यांना भारा उचलता येईना. तुझ्या फोननंतर चार दिवस झोप लागली नाही ती यासाठी.

आता तुझं खरं दुखणं. घरची बाइक विकता येईल, पण सर्व्हिसिंग झालेल्या गाडीची ट्रायल मारणं तुझं काम आहे, आणि ट्रायल मारत नाही तो कसला मेकॅनिक, असं सगळं गॅरेज म्हणेल. मालकाला उद्याच सांग. तू लपवलंस आणि उद्या गिऱ्हाइकाच्या गाडीवर काही झालं तर तुझ्याबरोबर तोही बुडेल. सांगताना हात जोडून उभा राहू नकोस. इंजिन खोलणं-भरणं, वायरिंग, आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांना स्कॅनर लावून दोष काढणं, या कामांत तुझा हात त्या गॅरेजमधल्या कुणाहीपेक्षा चांगला आहे. टेबलावरचं काम माग, उजेड भरपूर माग, हत्यारं ज्याच्या त्याच्या जागी ठेवायची शिस्त माग. ट्रायल दुसऱ्याला मारू दे, आणि परत आला की त्याला नेमके प्रश्न विचार. कितव्या गिअरात आवाज येतो, क्लच दाबला की जातो का, गरम झाल्यावरच येतो का? मी पुढं पंधरा वर्षं असंच शिकवलं. मी सरकारी नोकरीत होतो. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही, हे अपंगांसाठीच्या 1995 च्या कायद्याच्या कलम 47 मध्ये होतं, आणि सरकारी आस्थापनांसाठी ते त्याच्या जागी आलेल्या 2016 च्या कायद्यातही आहे. खासगी गॅरेजला ते लागू नाही. म्हणून तुला मालकाशी बोलूनच जागा करून घ्यावी लागेल. नाहीच जमलं तर माझ्याकडे ये. जुने विद्यार्थी जागोजागी आहेत, मी शब्द टाकीन.

लायसन खिशात आहे, हे मनाला सांगू नकोस. तुझं लायसन चाळिशीपर्यंतचं आहे आणि ते काढताना डॉक्टरने तुला तपासलेलं नाही. फॉर्म 1 वर तू स्वतः लिहून दिलंस की 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते आणि रातांधळेपणा नाही. तेव्हा ते तुझ्या समजुतीने खरं होतं. आज तोच फॉर्म पुढे आला तर त्या ओळीवर काय लिहिशील? आपण चालवायला असमर्थ आहोत हे माहीत असून चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 186 खाली गुन्हा आहे, पण दंडाच्या भीतीने तू थांबावंस म्हणून हे सांगत नाही. तो फॉर्म तुझ्या शब्दावर विश्वास ठेवतो, एवढंच ध्यानात घे.

गाडी घरात ठेवू नकोस. यावर माझं ठाम मत आहे. कव्हर घालून अंगणात उभी केली आणि किल्ली खिळ्याला अडकवली, की कुठल्या तरी सणाच्या दिवशी, कुणाला तरी ताप आल्यावर, नुसतं कोपऱ्यापर्यंत म्हणून ती खाली उतरतेच. माझी येझदी मी माझ्याच एका विद्यार्थ्याला दिली. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या, टाकीवरून हात फिरवला, मग तो डावा खटका आत दाबून मागे फिरवला. येझदी-जावात गिअरचा खटकाच किक होतो. एका किकमध्ये सुरू झाली. त्याने ती गल्लीच्या टोकाला नेली, तिथून दोन्ही सायलेन्सरचा आवाज वळला, आणि मी आत जाऊन रडलो. तुलाही रडू आलं तर येऊ दे. घाट चढताना दुसऱ्या गिअरात इंजिन धरून ठेवणं, पहाटेचं गार वारं, एकट्याने मनात येईल तेव्हा निघणं, हे परत मिळणार नाही. "बस आहे, रिक्षा आहे, काय बिघडतं?" म्हणणाऱ्यांना ते कळणार नाही, त्यांच्याशी वाद घालू नकोस.

मागे बसायला शिक. आपल्याकडे बाप्याने बाईच्या मागे बसायचं म्हणजे मान खाली गेली, असं पोरं अजून मानतात. तुझी काकू चाळिशीत स्कूटी शिकली, ती माझ्यासाठी. पहिल्या दिवशी मी तिच्या मागे बसून बाजारातून गेलो आणि चौकात आयटीआयची चार पोरं उभी होती. मी त्यांना हात केला. आठवड्याभरात कुणाला त्यात काही वाटेनासं झालं, मलाही. एक गोष्ट मात्र तिने मला शिकायला लावली. वळणावर मागच्याने अंग चोरायचं नाही, गाडीबरोबर झुकायचं. मी आयुष्यभर पुढेच बसलेला, ते अंगवळणी पडायला महिना गेला. तुझी बहीण चालवते. तिच्या मागे बस.

बाकी थोडक्यात. दृष्टीचं क्षेत्र 40 अंशांच्या आत आलं की 2016 चा कायदा त्याला अल्पदृष्टी मानतो. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज कर, लाजू नकोस, एस.टी.त 75 टक्के सवलत मिळते आणि तुला आता एस.टी. लागणार आहे. पांढरी काठी रात्रीपुरती का होईना, आत्ताच शिकून घे. दृष्टी असताना ती लवकर येते. वर्षातून एकदा डोळे दाखवायचेच. या आजारातही मोतीबिंदू होतो, मधल्या भागाला सूज येते, आणि त्या दोन्हींवर उपचार आहेत. मुळावर औषध देतो म्हणणारे खूप भेटतील. जनुकांवरचा एक उपचार 2017 साली अमेरिकेत मंजूर झाला, पण तो आरपीई65 या एकाच जनुकातल्या दोषासाठी आहे. तुझा दोष कोणत्या जनुकात आहे ते तपासून घे आणि तोवर कुणाच्या थेंबांवर, पुड्यांवर आईचे दागिने मोडू नकोस. व्हिटॅमिन ए च्या गोळ्या स्वतःच्या मनाने खाऊ नकोस, यकृताला बाधतात.

आणि दोन चाकं अगदीच सुटत नाहीत. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी 19 व्या वर्षी काचबिंदूने गेली. त्यांनी दृष्टिहीन आणि डोळस अशा जोड्या टँडम सायकलवर बसवून मनालीहून लडाखमधल्या खारदुंग ला खिंडीपर्यंत नेल्या. पुढचा हँडल धरतो, पेडल दोघं मारतात. तुझ्या पायांत जोर आहे. जमल्यास त्यांच्या मंडळींना भेट.

येत्या रविवारी इकडे ये. अंगणात एका ओळखीच्यांची जुनी बुलेट आली आहे, ओतीव इंजिनची, टॅपेट वाजतायत. गार इंजिनवर पिस्टन वर आणून पुशरॉड चिमटीत धरायचा. तो बोटांत सहज फिरला पाहिजे आणि वरखाली जराही हलता कामा नये. मी हे आता डोळे मिटूनच करतो, तुला करून दाखवायचं आहे. सकाळच्या एस.टी.ने बस, म्हणजे संध्याकाळी उजेडात परत पोचशील. स्टँडवर काकू स्कूटी घेऊन येईल. तुझं हेल्मेट तेवढं बरोबर आण, तिच्याकडे एकच आहे.

तुझा,
सर