ऑस्ट्रेलियात अनोळखी दुकानदारही मला ‘मेट’ म्हणतो. म्हणजे तो मला मित्र मानतो का?

नाही, अनोळखी माणसाने मारलेली ‘मेट’ ही हाक मैत्रीची नसते. आपण रिक्षावाल्याला ‘दादा’ म्हणतो तशीच ती बरोबरीची, मोकळी हाक आहे. शब्दाचं मूळ मात्र फार सुंदर आहे: मध्ययुगीन जर्मन बोलीतून तो इंग्रजीत आला, आणि त्याचा अर्थ होता एकत्र जेवणारा, आपल्या पंगतीतला. तिथल्या लोकांना तो किती प्रिय आहे पाहा. २००५ मध्ये कॅनबेरातल्या संसद भवनातल्या सुरक्षारक्षकांना पाहुण्यांना ‘मेट’ म्हणायची मनाई झाली, तेव्हा एवढा गदारोळ उठला की दिवसभरातच ती मागे घ्यावी लागली. खरा मित्र ओळखायचा तो वाक्यावरून: ‘ही इज अ गुड मेट’ किंवा ‘माय बेस्ट मेट’ असं कुणी तुमच्याबद्दल तिसऱ्या माणसाला सांगत असेल, तर ती मैत्रीच. फक्त सूर नीट ऐका. ‘लुक, मेट...’ किंवा ‘लिसन, मेट...’ असं कुणी सावकाश, जोर देऊन म्हणालं, तर तो बहुतेक चिडलेला असतो. तेव्हा हसून उत्तर देऊ नका, आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या.