आधी जेवा, मग प्रवेशाचं बोलू

प्रश्न : चिखलदऱ्याजवळ आमची पाऊण एकर स्ट्रॉबेरी आहे. मुलीनं दोनदा ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) दिली, नंबर लागला नाही. आता म्हणते, बी.एस्सी. अ‍ॅग्री करते आणि आपलं वावर सेंद्रिय करते. खत-औषध बंद करायला पदवी कशाला? तिनं वावराचं नाव काढलं की मी जेवत नाही. तिसऱ्यांदा ‘नीट’ द्यायला तिला कसं तयार करू? – एक वडील

उत्तर : भाऊ, तुम्ही जेवत नाही, या ओळीवर मी अडकले. दोन परीक्षा हुकल्याचा सल त्या पोरीला आहेच. त्यावर आता बाप आपल्यामुळे उपाशी झोपतो, हेही तिच्या डोक्यावर. अशा घरात पुस्तक उघडत नाही. हा धाक आहे आणि तो रागावण्यापेक्षा वाईट, कारण तिला उलट बोलताच येत नाही. आज रात्री तिच्या शेजारी बसून जेवा.

तिसऱ्या नीटला माझा साफ नकार आहे. कृषी पदवीला एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवरून प्रवेश मिळतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची महाविद्यालयं तुमच्याच भागात आहेत.

आता तुमचा गैरसमज. खत-औषध बंद केलं म्हणजे वावर सेंद्रिय झालं, असं नाही. थंडीत जमिनीतले जिवाणू मंदावतात, शेणखतातलं नत्र झाडाला उशिरा मिळतं. म्हणून चांगलं कुजलेलं खत लागवडीआधीच मुरलेलं हवं. ताजं शेण तर नकोच, हे फळ मातीलगत वाढतं आणि कच्चंच खाल्लं जातं. लाल कोळी ही कीड पानाखाली बसते, तिथवर नीमअर्क पोचला नाही तर फवारणी वाया. धुक्यानं करडी बुरशी आली की सडकी फळं रोज वेचून बाहेर काढावी लागतात. टोमॅटो, मिरची, वांगी काढलेल्या जागी स्ट्रॉबेरी लावू नये, मर रोग मातीत राहतो. हे सगळं शिकावंच लागतं.

शिवाय सेंद्रिय प्रमाणपत्राआधी रूपांतरणाची, म्हणजे वावर रासायनिकवरून सेंद्रियवर आणण्याची, दोन-तीन वर्षं जातात. तोवर फळ सेंद्रिय म्हणून विकता येत नाही आणि उत्पन्न बहुधा घटतं. म्हणून सगळं वावर एकदम पालटू नका. शेजारच्या फवारणीचे तुषार पोचणार नाहीत असे दहा गुंठे वेगळे काढा आणि त्यांची प्रमाणपत्रासाठी नोंदणी करा. पदवी चार वर्षांची आहे. दोन्ही सोबत चालेल.

पण ती कॉलेजात असताना वावरात तुम्हीच असणार. त्या दहा गुंठ्यांत कधी काय टाकलं, काय फवारलं, ते तारखेनिशी वहीत लिहा. तपासणीला येणारा माणूस आधी ती वहीच मागतो.