लाल चहा, काळा चहा आणि मारलेला हिरवा

प्रश्न असा आला आहे: "मुलाने चीनहून चहाचा पुडा आणला. त्यावरच्या चिनी अक्षरांचा अर्थ फोन 'लाल चहा' असा दाखवतो, खाली इंग्रजीत मात्र 'ब्लॅक टी' छापलंय. मराठीत काय म्हणावं, लाल की काळा? आणि हाच चहा काही प्रक्रिया न करता विकला की त्याला ग्रीन टी म्हणतात, बरोबर ना?"

पहिल्या भागाचं उत्तर: लाल म्हणा. मराठीत काळा चहा म्हणजे कोरा, बिनदुधाचा. "काळा चालेल ना?" असं आपण पाहुण्याला विचारतो तेव्हा घरात दूध संपलेलं असतं, पानाच्या जातीची चौकशी चाललेली नसते. चिनी माणसाने कपात बघून नाव ठेवलं, कपातलं पाणी तांबडं, म्हणून होंगछा, लाल चहा. इंग्रज व्यापाऱ्याने पेटीत बघितलं, वाळकं पान काळं दिसलं, म्हणून ब्लॅक टी. वस्तू तीच. तेव्हा इंग्रजीवरून 'काळा चहा' उचलायचं काही कारण नाही. शिवाय उचललंत तर पुढे अडाल, कारण चिन्यांकडे खरोखरचा काळा चहा, हेइछा, निराळाच आहे. युन्नानचा पू-अर, क्वांगशीचा ल्यूपाओ, हूनानमधल्या आन्हुआच्या दाबून केलेल्या विटा, हे सगळे त्यात येतात. त्यांना मग काय म्हणणार, 'जास्त काळा'? लाल शब्द आपल्या देशाला नवाही नाही. आसामात बिनदुधाच्या चहाला 'लाल चाह' म्हणतात. (या 'चाह'मधला ह लक्षात ठेवा, त्याच्याकडे यायचं आहे.)

याच जागी आणखी एक शब्द ठेचून टाकतो: 'आंबवलेला'. लाल चहा आंबवलेला असतो, हे वाक्य मराठी पुरवण्यांमधून इतक्या वेळा छापून आलंय की आता ते खरंच वाटू लागलंय. लाल चहात आंबत काहीच नाही. पान खुडून कोमेजू देतात, मग मळतात. मळताना पेशी फुटतात, आतला रस हवेला लागतो आणि पान तांबडं होत जातं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तोच प्रकार. त्यात ना बुरशी, ना जिवाणू. आता चिनी कारागीरही या पायरीला आंबवण्याचाच शब्द वापरतात हे खरं, पण त्यांची चूक आपण कशाला आयात करायची? खरं आंबतं ते हेइछामध्ये. युन्नानमधल्या कुनमिंगच्या कारखान्यात पू-अरसाठी १९७३ च्या सुमारास जी पद्धत बसवली गेली, तिच्यात पानांचा ढीग करून त्याच्यावर पाणी मारतात आणि झाकून दीड-दोन महिने ठेवतात. ढीग आतून तापतो, बुरशी आणि जिवाणू आपलं काम करतात. आन्हुआच्या 'फू' नावाच्या चहाच्या विटा फोडल्या तर आत बुरशीचे पिवळे ठिपके दिसतात, त्यांना तिकडे 'सोनेरी फुलं' म्हणतात आणि ती जितकी जास्त तितकी वीट चांगली. हा आंबवलेला चहा. आणि असा ढीग न लावता, नुसता वर्षानुवर्षं ठेवून जो बदलत जातो त्या कच्च्या पू-अरला 'मुरलेला' म्हणा. मुरलेला राजकारणी आणि आंबलेला राजकारणी यांत जो फरक आहे, तो मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, ज्याच्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो. "ग्रीन टी म्हणजे प्रक्रिया न केलेला चहा." हे वाक्य मी आहारतज्ज्ञांच्या सदरात वाचलंय, दुकानदाराकडून ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याने मला समजावलंय. साफ चूक. खुडलेलं पान नुसतं ठेवून दिलं तर ते हिरवं राहत नाही. ते आपसूक तांबडं पडायला लागतं, कारण आतलं विकर (एन्झाइम) खुडल्या क्षणापासून कामाला लागलेलं असतं. हिरवा ठेवायचा तर त्या विकराला ठार करावं लागतं, आणि तेही चटकन, उष्णतेने. म्हणजे सगळ्यांत तातडीची प्रक्रिया नेमकी हिरव्या चहाचीच. (तुळस, आलं, गवती चहा यांच्या मिश्रणावर 'ग्रीन टी' छापणाऱ्यांबद्दल मी बोलणार नाही. गवती चहा हे गवत आहे, नावातच सांगितलंय.)

या ठार मारण्याला चिनी भाषेत शब्द आहे शाछिंग. शा म्हणजे मारणे. छिंग म्हणजे हिरवं. हिरवं मारणे! हिरवा चहा करायचा म्हणून हिरवं मारायचं, हे ऐकून लोक हसतात आणि भाषांतर चुकलं असेल म्हणतात. चुकलेलं नाही. छिंग हा फार लवचीक शब्द आहे. गवताचा हिरवा, आकाशाचा निळा आणि केसांचा काळा, तिन्हींना तो चालतो. आपण घननीळ म्हणतो आणि सावळा दाखवतो, त्यातलाच प्रकार. पण इथे छिंग म्हणजे रंग नव्हेच, हिरवटपणा. नुकत्या कापलेल्या गवताला येतो तो कच्चा, उग्र वास. मराठीत 'हिरवट' हा शब्द त्यासाठी तयारच आहे. चहा करणारा कढईत पानं टाकतो, हाताने उलटसुलट करत राहतो, पानाच्या आतलं तापमान ८० अंशांच्या वर जातं, विकर मरतं, हिरवट वास उडतो आणि रंग तेवढा राहतो. हांगचौच्या लुंगचिंग या हिरव्या चहाला भाजलेल्या शेंगदाण्याच्या अंगाचा जो वास असतो, तो या कढईचा. थांग राजवटीच्या काळात (सातवं ते दहावं शतक) हेच काम वाफेवर करत. जपानी लोकांनी ती रीत उचलली आणि आजतागायत धरून ठेवली. चीनमध्ये बहुतेक ठिकाणी कढई आली, हूपेइमधल्या अन्शच्या चहासारखे थोडे अपवाद सोडून.

पण शाछिंग हा शब्द मुळात चहाचा नाहीच. तो पुस्तकांचा आहे. कागद यायच्या आधी चीनमध्ये बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर लिहीत आणि त्या दोरीने ओवून गुंडाळून ठेवत. ओला बांबू कुजतो, त्याला कीड लागते. म्हणून पट्ट्या आधी विस्तवावर धरायच्या. शेकल्या की बांबूला पाणी सुटतं, ते पुसायचं, मग लिहायचं. या कामाचं नाव शाछिंग. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हान दरबाराचं ग्रंथभांडार लावणाऱ्या ल्यू श्यांगच्या नावावर याचं स्पष्टीकरण सांगतात. बांबूला जो घाम फुटतो त्यावरून दुसरा शब्द निघाला, हानछिंग, 'घामेजलेलं हिरवं', आणि त्याचा अर्थ झाला इतिहास. नुसती बखर नव्हे, साक्षात इतिहास! पुढे शाछिंगचा अर्थ सरकत सरकत 'ग्रंथ हातावेगळा झाला' इथवर आला, आणि आज चिनी सिनेमाच्या सेटवर शेवटचा शॉट संपला की 'शाछिंग!' म्हणून पुष्पगुच्छ देतात आणि फोटो काढतात. म्हणजे नटीचं चित्रीकरण आणि डोंगरातल्या बाईची चहाची कढई एकाच शब्दावर चाललीय, आणि तो शब्द एका बांबूच्या पट्टीचा. कोशांमध्ये माणसं रमतात ती अशाच शब्दांसाठी.

यावर एक पंथ म्हणतो की शा म्हणजे इथे मारणं नव्हे, खरवडणं. कच्चा मसुदा बांबूच्या गुळगुळीत हिरव्या सालीवर लिहायचा, तिथे तो पुसता येतो. पक्का झाला की साल तासून आतल्या पांढऱ्या भागावर उतरवायचा. म्हणून ग्रंथ पुरा होणे. ऐकायला झकास आहे. ज्यांनी आयुष्यात फक्त मसुदे खरडले त्यांना ते पटणारच! पण मग चहावाल्यांनी हा शब्द कढईला का लावला? ते काय पानं तासत होते? दोन्ही ठिकाणी सामाईक गोष्ट एकच आहे, विस्तव. आणि विस्तवाने 'मारणे' यात आपल्याला नवल वाटायचं काय कारण? आपल्या वैद्यांनी शतकानुशतकं पारा मारलाय, तांबं मारलंय. रसशास्त्रात 'मारण' ही भस्म करण्याची रीतसर पायरी आहे. धातू मारला की तो गुण देतो. पान मारलं की ते टिकतं. खरवडणाऱ्या पंथाने एकदा आयुर्वेदाच्या भट्टीजवळ जाऊन यावं. म्हणूनच मराठीत शाछिंगला 'निष्क्रियीकरण' वगैरे अवजड शब्द करू नका. 'हिरवट मारणे' म्हणा, विषय संपला.

बाकी रंग पटकन सांगतो. पांढऱ्या चहात मारणं नाही, मळणंही नाही, फक्त कोमेजवणं आणि वाळवणं. प्रक्रियेचं कौतुकच नको असेल त्यांनी खरं तर याच्याकडे वळावं. त्याचं पांढरेपण कोवळ्या कळीवरच्या लवेचं. या पांढऱ्या लवेला फूच्येन प्रांताच्या दक्षिणेकडच्या बोलीत पेहो म्हणतात आणि तोच आपल्या डब्यावरचा 'पीको'. ऑरेंज पीकोत संत्रं शोधणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. कपाच्या तोंडाशी बारीक कुसळं तरंगताना दिसली तर धूळ समजून ओतून देऊ नका, ती हीच लव. पिवळा चहा दुर्मीळ, त्यात पान मारल्यावर गरम असतानाच गुंडाळून कोंडून ठेवतात. राहिला उलाँग, अर्धवट लाल. टोपलीत पानं हलवत राहतात, कडा एकमेकींवर आपटून दुखावतात आणि तिथेच तांबड्या होतात, मग मारून थांबवतात. पिऊन झाल्यावर भांड्यातलं एखादं पान बोटाने पसरून बघा: मध्यभाग हिरवा, कडेने तांबडी रेघ. चिनी त्याला 'हिरवं पान, लाल काठ' म्हणतात. काळसर भाजलेल्या उलाँगांमध्ये हा काठ दिसायला जड जातो, आनशीच्या पारंपरिक थ्येकुआनयीनमध्ये तो छान दिसतो. उलाँग म्हणजे शब्दशः 'कावळ्यासारखा काळा ड्रॅगन'. त्याच्या दंतकथा पुष्कळ, एकही धड नाही. फुटबॉलमध्ये स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला की त्यालाही चिनी भाषेत उलाँग म्हणतात, पण तो 'ओन गोल'चा कँटनमधला उच्चार आहे असं सांगतात, चहाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता तो ह. 'चहा' हा फारसी 'चाय'वरून आला असं डोळे मिटून सांगणारे विद्वान आहेत. हिंदीपुरतं ठीक. जमिनीच्या वाटेने चीनमधला छा फारसीत गेला, त्याला य चिकटला, आणि तो तुर्कीत, रशियनमध्ये, हिंदीत य घेऊनच गेला. दुसरा रस्ता समुद्राचा. फूच्येनच्या बंदरांत डचांनी 'ते' ऐकलं, त्याचा टी आणि थे झाला. पोर्तुगीज १५५७ पासून मकावला बसले होते, तिथे कँटनची बोली, म्हणून त्यांनी 'चा' उचलला, लिहिताना c-h-á, शेवटच्या आ वर जोर देऊन. माझं म्हणणं, आणि ते माझं एकट्याचं असलं तरी चालेल, असं की मराठी चहा या समुद्रावरून आला. य चा ह होत नाही. मात्र 'चाह' असा जोर दिलेला उच्चार मिळाला तर मराठी त्याचं काय करते हे आपण रोज बघतो: बादशाहचा बादशहा, शाहचा शहा, तसा चाहचा चहा. गुजरातीत चा, बंगालीत चा, असमियात चाह, कुठेही य नाही. हुगळीलाही पोर्तुगीज होतेच. पंजाबीतही चाह आहे आणि तिथे समुद्र नाही, ही अडचण कुणी काढेल. ती मी तूर्त बाजूला सारतो.

आणि चहा आपल्याकडे आसामचे मळे झाल्यावरच आला, हा गैरसमजही काढून टाका. १६८९ मध्ये इंग्लंडहून निघून सुरतेला आलेला पाद्री ओव्हिंग्टन लिहून गेलाय की तिथले लोक चहा पाण्यात मसाले घालून उकळतात, खडीसाखर टाकून किंवा मुरवलेल्या लिंबाबरोबर पितात, डोकेदुखी आणि पोटदुखीवर. तो चहा चीनचा होता, जहाजातून आलेला होता, आणि त्याचं नाव घ्यायला सुरतेच्या किंवा चौलच्या माणसाला फारसी शिकायची गरज नव्हती. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या मोडी कागदांत, हिशेबांत, नजराण्यांच्या यादीत १८०० च्या आधीचा 'चहा' किंवा 'चाहा' कुणाच्या नजरेला आला असेल तर ती ओळ तारखेसकट, शब्द न सुधारता, मला पाठवा. 'चाय' सापडला तरी पाठवा, मी वाचेन.