निर्गुंतवणूक, खासगीकरण की विक्री?

वेंगुर्ल्याहून एका वाचकाने विचारले आहे: एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा एका वर्तमानपत्रात ‘निर्गुंतवणूक’ होते, दुसऱ्यात ‘खासगीकरण’, आणि गावात ‘सरकारान एअर इंडिया इकल्यान’. यांतले बरोबर काय? शिवाय सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचेही ‘खासगीकरण झाले’ म्हणावे का?

तिन्ही शब्दांचा अर्थ एक नाही, आणि माझ्या मते गावातला शब्दच सर्वांत नेमका आहे.

निर्गुंतवणूक म्हणजे सरकारने कंपनीतला आपला हिस्सा, मग तो कितीही लहान असो, विकून पैसा मोकळा करणे. मे २०२२ मध्ये एलआयसीचे साडेतीन टक्के भाग विकले ती निर्गुंतवणूक. एलआयसी आजही सरकारचीच आहे. खासगीकरणात कारभारही हातचा जातो. सामाईक बागेतल्या आपल्या हिश्श्यातले चार गुंठे भावाने विकले तरी सातबारावर त्याचे नाव राहते. सगळा हिस्सा दिला, की फेरफार होऊन नाव जाते.

एअर इंडियाचा फेरफारच झाला. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला, तेव्हा एकही बोली आली नाही. मग पूर्ण १०० टक्के काढला. ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांची १८,००० कोटींची बोली जाहीर झाली: १५,३०० कोटींचे कर्ज त्यांनी अंगावर घ्यायचे आणि २,७०० कोटी सरकारला रोख द्यायचे. ४६,२६२ कोटींचे कर्ज मात्र एका वेगळ्या सरकारी कंपनीकडेच राहिले, आणि खरा वाद त्यावर होता. २७ जानेवारी २०२२ला ताबा दिला. सरकारी निवेदनांतला शब्द होता ‘धोरणात्मक निर्गुंतवणूक’. तो चुकीचा नाही, पण मालक बदलला हे त्यातून वाचणाऱ्याला कळत नाही. विरोधकांच्या तोंडी ‘विक्री’ संतापाने आली हे खरे. तरी किंमत ठरली, पैसे घेतले, ताबा दिला, याला मराठीत दुसरे काय म्हणतात? व्यवहार योग्य होता असे ज्यांना वाटते त्यांनीही या शब्दाला बिचकू नये. ‘विकली, ते बरे झाले’ हे वाक्य स्वच्छ आहे. त्यावर वादही स्वच्छ होतो.

काहींनी ‘घरवापसी’ लिहिले. १९३२ साली टाटांनीच सुरू केलेल्या कंपनीचे १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले होते, म्हणून. बातमीत मला तो शब्द नको वाटतो. तो आधीच एका बाजूचा आहे.

खासगी की खाजगी? दोन्ही चालतात. मी ‘खासगी’ लिहितो, कारण मूळ ‘खास’ त्यात दिसते. पेशवाईत ‘खासगी’ म्हणजे धन्याच्या घरचे खाते, दौलतीच्या हिशेबाहून वेगळे. खासगीवाले हे आडनाव त्यातलेच. दौलतीतले खासगीत गेले, हा जुना अर्थ आजच्या खासगीकरणाला चपखल बसतो.

आता चिपी. तिथे खासगीकरण हा शब्द लागत नाही, कारण तो विमानतळ आधी सरकार चालवत होते आणि मग दिला, असे घडलेच नाही. एमआयडीसीच्या प्रकल्पात खासगी कंपनीने तो बांधला. त्याला ‘खासगी सहभाग’ म्हणावे. ९ ऑक्टोबर २०२१ला, म्हणजे टाटांची बोली जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, उद्घाटनाला मुंबईहून उतरलेले विमान अलायन्स एअरचे होते. ती कंपनी एअर इंडियाची असूनही विक्रीत धरलेली नव्हती, सरकारकडेच राहिली. त्यामुळे ‘चिपीचे विमानही टाटांचे झाले’ हे तेव्हाचे वाक्य चुकीचे होते.